लॅटिन कोशाची घरभेट

नाही हो काका, डॉक्टरकीशी संबंधच नाही याचा — लॅटिन म्हटलं की सगळ्यांना औषधांची नावं आठवतात, तुमच्या ज्ञातीमंडळाच्या कारकुनांनीही माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर पेन्सिलीने ‘वैद्यकीय’ लिहून ठेवलंय — हा शब्दकोश आहे. लॅटिनचा. जर्मनीत करतायत, शंभराहून जास्त वर्षं झाली, अजून संपलेला नाही. हसताय काय, आपल्या ज्ञातीची सूची तुम्हीच करताय ना, चिंतामणीकाका? अठ्ठ्याण्णव सालापासून ‘न’वर अडलीय. आणि तुमची माणसं निदान फोन तरी उचलतात. यांना ज्यांना विचारायचंय ते सगळे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी गेले.

करायचं काय म्हणजे — एक शब्द देतात. त्या शब्दाच्या चिठ्ठ्यांची पेटी पुढ्यात ठेवतात, कुणी कुठल्या वाक्यात वापरला अशा हजारभर चिठ्ठ्या. त्या वाचायच्या, अर्थाप्रमाणे गठ्ठे लावायचे, मग वाटतं चुकलंच, की मोडायचे, परत लावायचे. ते नीट कसं करायचं हे वर्षभर शिकवतात. वर्षात शब्द किती होतील? पाच. नाही, खरं सांगते, चार. मला सवय आहे तशी — आमच्या मुलीचे, ऋग्वेदाचे मोजे रोज जोड्या लावून ठेवते आणि रोज एक उरतो.

पोहे घ्या ना. मुलगी बघायला आल्यासारखं वाटतंय का तुम्हाला? मलाही वाटतंय. खरं तर उपमा करणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, आपल्या उपम्यात काजू असतात, घरभेटीला काजू बरे दिसत नाहीत — हे मी का सांगितलं तुम्हाला. तर लॅटिन शिकले माझगावच्या एका फादरांकडे, संस्कृतात एम. ए. झाल्यावर, ऋग्वेदा पोटात असताना. डोहाळे म्हणा. कुणाला चिंच लागते. बाळा, चादर ओढू नकोस. ऋग्वेदा, नको म्हटलं ना —

हं. टीव्ही आहे तो. पंचावन्न इंची.

आता दिसलाच आहे तर सांगूनच टाकते. शेजारच्या लक्ष्मीमावशी म्हणाल्या, मंडळाचं माणूस यायचं तेव्हा घर जरा गरीब दिसू द्यायचं — त्यांच्या धनेशच्या वेळी त्यांनी फ्रिज जिन्यात नेऊन ठेवला होता, आणि बघायला आलेले गृहस्थ त्याच्यावरच पिशवी टेकवून दम खात होते. तुम्हीच होतात? बरं. आमचा मायक्रोवेव्ह आत्ता त्यांच्याकडे आहे. एअर फ्रायरसुद्धा. त्यांनी चहाला बोलावलं तर जाऊ नका, त्यात त्या आज सकाळपासून वांग्याचे काप करून बघतायत.

पण गरज खरी आहे, काका. जर्मनीवाल्यांनी घेतलंय मला, ते शिकवणार फुकट, राहण्या-खाण्याचं आपलं आपण. सिद्धार्थच्या पगारात ठाकूरद्वारचं हे घर चालतं, जर्मनीतलं दुसरं नाही चालत. मंडळाने दिलं तर मी जाणार, नाही दिलं तर नाही, आणि शुक्रवारपर्यंत त्यांना कळवायचंय. सरळ आहे अगदी. अर्जावर ‘अपत्ये’ इथे खाडाखोड दिसतेय ना, ती — मी ‘एक’ लिहिलं, मग वाटलं, आई आहे म्हटल्यावर कुणी निवडणार नाही, म्हणून खोडलं, मग हिने वरणाचा हात ठेवला त्याच्यावर, मग लाजेने परत लिहिलं.

हिला कोण बघणार? सासूबाई. त्या म्हणतात जा. सिद्धार्थ म्हणतो जा, त्याने तर मोठी बॅगही उतरवून पुसून ठेवलीय. आईला फोन केला, म्हटलं ती तरी रडेल, तर म्हणाली थंडीचे कपडे घे. फादर तर जा म्हणणारच. एकही माणूस अडवत नाही हो. अडीच वर्षांची मुलगी आहे, वरणभात माझ्याच हातून खाते — म्हणजे परवा आजीकडूनही खाल्ला, दोनदा मागून खाल्ला, तो भाग वेगळा — आणि मी चार शब्दांसाठी वर्षभर जायचं, हे कुणालाच वेडेपणाचं वाटत नाही? मग मी म्हटलं, मंडळ आहे ना. मंडळाने आजवर इंजिनिअर आणि सीए सोडून कुणाला दिलंय? ते नक्की नाही म्हणतील. म्हणजे मग मला म्हणता येईल, जायचं होतं हो, पण पैसेच नाही मिळाले. आयुष्यभर म्हणता येईल. तुमच्यावर होती माझी सगळी भिस्त, काका.

नाही, जायचं आहे. तेच तर. ती पेटी उघडायचीय मला, ती पहिली चिठ्ठी हातात — पण मी माझ्या तोंडाने कसं म्हणू? तुम्ही लिहा ना, विषय समाजोपयोगी नाही. टीव्ही आहे लिहा. काजू लिहा.

एवढं काय लिहिताय? नकाराला एक ओळ पुरते. दाखवा. दाखवा ना.

‘अर्जदाराच्या घरी पाहणी केली. शिफारस — शिष्यवृत्ती द्यावी.’ … सही पण केलीत.

नाही, रडत नाहीये मी. पोहे राहू देत तसेच. तुम्ही निघा आता, काका, हिला वरणभात भरवायचाय मला.