शून्यकाकांची भाजी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याच्या मालकीणबाई, व्यासपीठावरचे सत्कारमूर्ती काका, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, सुटे भाग पुरवणारे आपले पाहुणे, आणि जोडणी, रंगकाम, वेल्डिंग व तपासणी या चारही विभागांतल्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

माझ्याआधी पाच जण बोलले. पाचही जणांनी सांगितलं की एकतीस वर्षांत काकांच्या हाताखालून अगणित वजनकाटे गेले. मी तपासणी विभागात काम करते, त्यामुळे 'अगणित' हा शब्द ऐकला की मला अस्वस्थ वाटतं. प्रत्येक काट्यावर क्रमांक असतो. मी परवा बसून मोजले. अठ्ठेचाळीस हजार दोनशे सहा. इतिवृत्तात हाच आकडा घ्यावा, ही विनंती.

काकांना आपण सगळे शून्यकाका म्हणतो. त्यांच्यासमोर नव्हे, अर्थात. काका, हे तुम्हाला ठाऊक होतं का? हसताय म्हणजे होतं. पाहुण्यांसाठी सांगते, काट्यावर काहीही ठेवण्याआधी रिकामा काटा शून्य दाखवतोय ना, हे काका बघतात. माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी मला दुपारपर्यंत नुसते रिकामे काटे बघायला लावले. मी म्हटलं, "काका, यावर काहीच नाहीये." ते म्हणाले, "तेच बघायचंय."

मला गौरवपर चार शब्द बोलायला सांगितलं होतं. ते मला नीट जमत नाही. त्याऐवजी मी एका प्रश्नाबद्दल बोलते, ज्याच्या मागे काका आणि मी तीस आठवडे आहोत. जास्त भाजी खाल्ली तर वजन उतरतं का?

हा प्रश्न आला काकांच्या उजव्या गुडघ्यातून. हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, वजन चौऱ्याऐंशी किलोच्या आत आणा, मग ऑपरेशन करतो, तोवर नाही. त्या दिवशी काका भरले त्र्याण्णव किलो चारशे ग्रॅम. काय खाऊ, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "भाजी वाढवा, तेल आवरा." आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? ताटात एक डाव भाजी जास्त घेतली असती. काकांनी विचारलं, "वाढवा म्हणजे किती?" उत्तर मिळालं नाही, तेव्हा ते माझ्याकडे आले. आम्ही ठरवलं की दिवसाची भाजी तीनशे ऐंशी ग्रॅमवरून सातशे साठवर न्यायची, प्रत्येक कढईत तेल दहाच ग्रॅम घालायचं, आणि दर सोमवारी सकाळी काकांनी मोठ्या काट्यावर उभं राहायचं. घरच्या स्वयंपाकासाठी आपल्याच कारखान्यातला पाच-पाच ग्रॅमने मोजणारा काटा घेतला. तो मी स्वतः तपासला, स्वतः जुळवला आणि काकूंच्या ओट्यावर नेऊन ठेवला. काकू म्हणाल्या, "अगं बाई, आता स्वयंपाकघरातही कारखाना."

आठ आठवडे काकांनी कोबी, गाजर, पालक, दुधी असं सगळं खाल्लं. डबा उघडला की वेल्डरदादा विचारायचे, "काका, चरायला निघालात?" आठव्या सोमवारी काका भरले त्र्याण्णव किलो सहाशे ग्रॅम. दोनशे ग्रॅम जास्त.

सुरुवातीला यात मला फक्त कुतूहल वाटलं. दुधी म्हणजे जवळजवळ पाणीच. त्यानं पोट भरतं, मग माणूस बाकीचं कमी खातो, असं सगळे सांगतात. काका बाकीचंही कमी खात होते. मग ते कमी झालेलं गेलं कुठे?

कारखान्यात लोकांनी आपापली उत्तरं काढली. कुणी म्हणालं, अंगच तसं असतं. वेल्डरदादा म्हणाले, "काका दिवसा भाजी खातात आणि संध्याकाळी कपाट उघडतात." सगळे हसले. काकाही हसले. मग काकूंनी खरंच कपाटाला कुलूप लावलं, हे मला नंतर कळलं.

मी हसले नाही. मी त्याहून वाईट केलं. नवव्या सोमवारी काका काट्यावरून उतरत होते, तेव्हा मी वही बंद करून विचारलं, "काका, मधे काही खाता का?"

त्यांनी चप्पल घातली. काठी घेतली. म्हणाले, "ओट्यावरचा काटा रिकामा असताना बघितलास, तसा भरतानाही बघितलास का?"

मी बघितला नव्हता. त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले.

काकूंनी कढई काट्यावर ठेवली, बटण दाबून शून्य केलं आणि तेलाची बाटली उचलली. झाकणाला सुईएवढं भोक पाडलेलं. दहा ग्रॅमच्या वर एक थेंबही जाऊ नये म्हणून त्या अगदी बारीक धारेनं ओतत होत्या, नजर आकड्यावर. आकडा शून्यच. जरा वेळानं त्यांनी बाटली दाबली, आकडा उठला आणि दहावर आला. काकू थांबल्या.

"हे बघ, दहा," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू? भाजी चकाकते गं. मला वाटलं, माझंच डोळ्यांचं काहीतरी."

बरोबर नेलेल्या, एक-एक ग्रॅमने मोजणाऱ्या काट्यावर मी बाटली ओतण्याआधी तोलली होती. नंतर पुन्हा तोलली. बावन्न ग्रॅम कमी भरली.

कारण इथल्या पुष्कळांच्या लक्षात आलं असेल. पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. काट्यावर धूळ बसते, हवा तापते, आणि आकडा शून्यावरून हळूच सरकतो. तो आपोआप परत शून्यावर यावा अशी सोय आपण काट्यात ठेवतो. कढई ठेवून शून्य केलं तरी ती चालूच राहते. अतिशय हळू वाढणारं वजन काट्याला धुळीसारखंच वाटतं, आणि काटा ते पोटात घालतो. काकूंनी तेल भसकन ओतलं असतं, तर आकडा बरोबर आला असता. त्या जपून ओतत होत्या, म्हणूनच चुकला. दिवसातून दोनदा, दर वेळी बेचाळीस ग्रॅम जास्त.

तेल बघावं, तेलाची धार बघावी, असं आपल्याकडे म्हणतात. मी दोन्ही बघितलं नव्हतं. ती सोय बंद ठेवायला हवी होती. तपासणीच्या कागदावर त्या रकान्यासमोर 'चालू' असं माझ्या हातचं लिहिलेलं आहे. काकांनी कपाटातलं काहीही खाल्लं नव्हतं. ही गोष्ट आजवर आम्हा तिघांनाच माहीत होती. संशय मात्र सगळ्या कारखान्यात फिरला होता, म्हणून खुलासाही सगळ्या कारखान्यासमोर व्हायला हवा. काका, मी तुमच्यावर घेतलेली शंका चुकीची होती. मला माफ करा. काकू, तुमचे डोळे ठीक आहेत.

वेल्डरदादा, तुम्हाला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

(हो, ऐकू आलं. "चुकलो" असं म्हणाले. नोंद करते.)

त्यानंतर मी ती सोय बंद केली. काकू आता बाटली आधी आणि नंतर तोलतात. भाजी सातशे साठ ग्रॅमच आहे. तेल खरोखर दहा ग्रॅम. वीस आठवडे झाले. तर भाजीनं वजन उतरतं का? मला एवढंच सांगता येतं की पहिले आठ आठवडे भाजी दुप्पट होती आणि वजन उतरलं नाही. नंतर भाजी तेवढीच राहिली आणि वजन उतरलं. भाजी अंगातून काही काढून नेत नाही. ती ताटात आणि पोटात जागा अडवते. त्या जागेवर आधी जे बसायचं ते खरंच उठलं, तर काटा खाली येतो. भाजीच्या पाठीवर बसून तेच परत आलं, तर येत नाही. माणूस एकच मोजला आहे, म्हणून हा निष्कर्ष काकांपुरता धरावा. बाकीच्यांनी आपापल्या बाटल्या तोलाव्यात.

आज सकाळी काका चौऱ्याऐंशी किलो तीनशे ग्रॅम भरले. सोमवारी डॉक्टर त्यांच्या काट्यावर बघणार आहेत. मी सकाळी म्हटलं, "काका, भाषणात जवळपास चौऱ्याऐंशी म्हणू का? समारंभ आहे." ते म्हणाले, "जवळपास हा आकडा नसतो." म्हणून तीनशे ग्रॅम सांगितले.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि या सभागृहाची व्यवस्था बघणाऱ्या मंडळींचे आभार. यानंतर जेवण आहे. काकांचं ताट डाव्या हाताला वेगळं ठेवलंय. काकूंनी घरून आणलंय. प्रेमापोटी कुणीही त्यांना आग्रह करू नये. तीनशे ग्रॅमसाठी दोन दिवस उरलेत.

शेवटचं एक. मघाशी काका या व्यासपीठाच्या सहा पायऱ्या कुणाचाही हात न धरता चढले. बावन्न सेकंद लागले. पुढच्या वर्धापनदिनी त्यांना इथे बोलवावं आणि मला पुन्हा वेळ मोजू द्यावी, अशी अध्यक्षांना विनंती आहे. आकडा कमी यावा अशी माझी फार इच्छा आहे. ती इच्छा मी घड्याळापासून लांब ठेवीन.

बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर क्षमा असावी, आणि ते नेमकं किती, हे मला कळवावं. धन्यवाद.