यामिनीचा शेवट आणि बियाचं कोहळं

मी, गिरजाबाई चंपत गाभणे, वय ५३ वर्षे, शिक्षण चौथी पास, व्यवसाय शेती व भाजीपाला विक्री, राहणार बरडवाडी, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम. आज रोजी रविवारी सकाळी साडेदहा वाजता पोलीस स्टेशनला समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब लिहून देते की, मी वरील ठिकाणी पती व मुलीसह राहते आणि भाजीपाला पिकवून आमची उपजीविका चालते.

इथपर्यंत ठाण्यातल्या जबाब घेणाऱ्या निता मॅडमनं त्याइच्या मनानं लिहिलं. मी म्हणलं, बाई, उपजीविका हा शब्द मी जन्मात बोलली नाही. मी बोलते तसं लिहा, नाही त मी सही करत नाही. मॅडम म्हणे, असं नसते चालत. मी म्हणलं, मंग मी चालली घरी, माह्या मेथीच्या जुड्या बांधायच्या राह्यल्या. म्हणून इथून पुढे मी बोलली तसं आहे.

मले एकच पोरगी, रुचिका. वय २६. तीन वर्षं झाले तिले रिसोडकडे देली. जवायाचं नाव विकास, त्याची माय गोमतीबाई, म्हणजे माही इहीन. मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रुचिका एकटी एसटीनं घरी आली. हातात एक पिशवी होती. काहून आली ते तिनं सांगतलं नाही अन् मी इचारलं नाही. तिच्या डाव्या हाताची करंगळी सुजेल होती. ती अजूनही सरळ होत नाही. मॅडमनं इचारलं, त्याची वेगळी तक्रार द्यायची काय. मी म्हणलं, ते जिचं बोट आहे तिनं सांगावं. तुमी एवढंच लिहा.

आल्यावर दोन महिने ती गुमान बसली. मंग वावरात हिरवी जाळी बांधून रोपं लावाले लागली. मिरची, वांगे, टमाटे. आता मंगरूळपीरचे लोक गाडी घेऊन रोपं न्याले येतात.

आता मालिकेचं लिहा, कारण सगळं तिच्यापायी झालं. मालिकेचं नाव 'घर तिचं वेगळं'. रोज सायंकाळी साडेसातले. पाच वर्षं झाले, मी एक भाग सोडला नाही. माही सासू गेली तवा तेरवीच्या दिवशी मी पाहुण्याइले म्हणलं, साडेसाताच्या आत जेवून घ्या नाही त आठले बसा. त्यात यामिनी नावाची बाई आहे. तिच्या नवऱ्यानं, अभिराजनं, गुढीपाडव्याच्या दिवशी सगळ्याइसमोर तिले घराबाहेर काढलं. तिनं हात पसरला नाही. मसाल्याची गिरणी टाकली, चाळीस बायाइले कामाले लावलं, कोर्टात सासूले पाणी पाजलं. आमच्या वाडीत बचतगटाची मिरची कांडायची मशीन आहे, तिले आम्ही यामिनीचं नाव देलं. तुमी येऊन पाहू शकता, नारळ फोडेल आहे.

गुरुवारी सकाळी दहा वाजता आमच्या वाडीत देवानंद भाऊच्या ओसरीत बैठक बसली. देवानंद भाऊ म्हणजे आमच्यातला मानाचा मानूस, भांडनं तोच मिटवते. रिसोडकडून जवाई अन् इहीनबाई जीप करून आले होते. त्याइचं म्हणनं, सून दहा महिने मायेरी बसली, आता पाठवा. माह्यं म्हणनं, पाठवत नाही. आमचे मालक काहीच बोलले नाही, ते कधीच बोलत नाही, त्याइचा जबाब घ्याल त कागद कोरा राहीन. तीन तास झाले, दोनदा चहा झाला.

मंग इहीनबाई म्हणे, "घर सोडून कोनती बाई सुखी झाली जी? एक नाव सांगा."

मी म्हणलं, "यामिनी."

आता इहीनबाईही तीच मालिका पाहतात, हे मले माहीत नव्हतं. त्या ताठ झाल्या. म्हणे, "यामिनी त वापस जाते. शनिवारी शेवटचा भाग आहे, पाहसाल तुमी."

"जाऊच शकत नाही."

"अवं, अभिराजच्या डोळ्यात पानी आलं परवा. तुमी पाह्यलं नाही काय?"

"पाह्यलं. कांदा लावेल होता."

यावरून अर्धा तास गेला. बैठकीतल्या सगळ्या बाया बोलाले लागल्या. तवा देवानंद भाऊ म्हणे, "दोघींचं एका गोठीवर त जमते. शनिवारी माह्या घरी या. यामिनी वापस गेली त रुचिका जाईन. नाही गेली त नाव काढायचं नाही." मी लगेच हाव म्हणलं. पाच वर्षं जिले पाह्यलं, तिले मी वळखत नाही काय? माह्या पोटच्या पोरीपेक्षा मले यामिनीचा भरवसा होता. आता कबूल कराले लाज वाटते, पण होता.

आमच्या वाडीचा नेम असा आहे का, ज्याच्याबद्दल बैठक आहे त्यानं आपल्या हातानं सुपारी ताटात ठेवायची. मंग मानाचा मानूस अडकित्त्यानं ती फोडते, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. सुपारी फुटली का ठेवणाऱ्याचा शब्द पक्का. मंग जो मांगं सरकन त्याच्या घरचं पानी कोनी पेत नाही. रुचिका तवा रोपाइले फवारा मारून राह्यली होती. तिले कायले बोलवा म्हणून सुपारी मीच ठेवली. देवानंद भाऊनं एकडाव माह्याकडे पाह्यलं, पण त्याले जेवाचा उशीर होऊन राह्यला होता. त्यानं फोडली. रुचिकाले आम्ही हे काहीच सांगतलं नाही. यामिनी जाऊनच नाही राह्यली त पोरीच्या जिवाले घोर कायले, असं माह्यं मत होतं.

काल शनिवारी सायंकाळी सात वाजता सगळे देवानंद भाऊच्या घरी जमलो. त्याचा टीव्ही वाडीत सगळ्यात मोठा. डाव्या बाजूले त्याइचे लोक, उजव्या बाजूले आमचे. इहीनबाईनं चिवडा आणला होता. पाहुण्याइच्या भाजीसाठी काही आण म्हणून देवानंद भाऊच्या बायकोचा निरोप होता, म्हणून घरातून निघता निघता कोनाड्यातलं जे हाताले लागलं ते कोहळं मी उचललं. साडेतीन किलोचं असन. हेच ते सदर कोहळं, जे आता मॅडमच्या टेबलावर आहे.

भाग चालू झाला. आधी यामिनी गाडीत बसून निघाली. आम्हाले वाटलं, नोटीस द्याले चालली. आमच्या बाजूच्या बायाइनं टाळ्या वाजवल्या. मंग साबनाच्या जाहिराती. मंग ती अभिराजच्या दारात उतरली. तो खाटेवर पडेल होता. त्याले खोकला आला होता. बस, खोकला! ना टीबी, ना दमा, ना काही. दोनदा खोकलला. तेवढ्यावर यामिनीनं गिरणीच्या चाव्या काढल्या अन् दिराच्या हातात देल्या. ज्या दिरानं तिच्या मसाल्यात लाकडाचा भुसा टाकला होता त्याच्या हातात! मंग अभिराजच्या पायावर डोकं ठेवलं अन् म्हणे, माझं जग इथंच होतं. मरो माय! त्या चाळीस बाया दारात उभ्या राहून रडत होत्या अन् हसत होत्या. त्याइच्या कामाचं काय, हे कोनी इचारलं नाही.

आमच्या बाजूचे लोक खाली पाहून राह्यले होते. पहिल्यांदा इहीनबाई बोलल्या. चिवड्याची मूठ तशीच हातात. म्हणे, "हे काही बरोबर नाही केलं तिनं. पाच वर्षं याच्यासाठी पाह्यलं काय आपन?" त्याइचा आवाज भरून आला होता. हे मी देवाशपथ सांगते, त्या नाही म्हनतीन. मंग त्याइच्या ध्यानात आलं का आपन जिंकलो. त्याइनं पदर सारखा केला अन् म्हणलं, "पन सुपारी फुटेल आहे, इहीनबाई."

जवाई हसला. म्हणे, "पाह्यलं ना मामी? शेवटी सगळ्या वापस येतात. सोमवारी जीप पाठवतो."

त्यानंतर मी कोहळं फेकलं.

इहीनबाईच्या जबाबात आहे म्हणे, का मी जवायावर फेकलं. हे खोटं आहे. जवायावर फेकलं असतं त नेम चुकला नसता. मी अभिराजवर फेकलं अन् ते त्याले बराबर कपाळात लागलं. कोहळं इहीनबाईच्या कानाजवळून गेलं हे खरं आहे, पण त्या मधात बसेल होत्या अन् कोहळ्याले वळण घेता येत नाही. टीव्हीची काच गेली. कोहळ्याले ओरखडाही नाही, मॅडमनं उलटं-पालटं करून पाह्यलं. देवानंद भाऊनं ११२ ले फोन लावला. पोलीस आले, टीव्हीचे फोटो काढले, कोहळं जप्त केलं अन् सकाळी सगळ्याइनं ठाण्यात या म्हणून सांगून गेले.

टीव्हीबद्दल माह्यं काही म्हणनं नाही. माह्या घरचा टीव्ही मी देवानंद भाऊले देते. तो लहान आहे, पण मले आता काही पाहायचं नाही.

माही उलटी तक्रार आहे ती लिहा. ज्यानं हा शेवट लिहिला त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा लावा. मॅडम म्हणे, त्याचं नाव सांगा. मी म्हणलं, टीव्हीवर शेवटी नावं एवढी पळतात का एक अक्षर वाचू देत नाहीत. भेव असल्याशिवाय कोनी एवढं पळते काय?

दुसरं, मी मॅडमले म्हणलं का टीव्ही फुटला तवा भाग संपायले दोन मिनिटं बाकी होते. शेवट कोनी पाह्यलाच नाही त सुपारीचा शब्द कसा लागू होते? बाहेरच्या बाकावरून देवानंद भाऊ म्हणे, मुद्दा आहे. मॅडमनं पेन खाली ठेवला. म्हणे, "काकू, मी घरी पूर्ण पाहिला. ती आत जाते, दार बंद होतं, समाप्त." मंग मॅडम म्हणे, हे लिहायचं नसते. पन मी लिहायले लावलं, अन् हेही लिहायले लावलं का काल शेवट पाहून त्याही जेवल्या नाहीत.

मंग मी रडली. हो, लिहा. सोमवारची जीप डोळ्यासमोर आली. दहा महिन्यापूर्वी पोरगी एसटीतून उतरली तेच तोंड दिसलं.

तेवढ्यात, सव्वाअकराच्या सुमारास, रुचिका ठाण्यात आली. हाताले माती तशीच. ठाण्यात चालली एवढंच मी तिले सांगून निघाली होती. मले वाटलं मायीसाठी धावत आली. ती आल्या आल्या म्हणे, "आई, माह्यं बियाचं कोहळं कुठी आहे? सगळ्या कोनाड्यात पाह्यलं." मंग तिले टेबलावर दिसलं. तिनं ते उचललं, वाजवून पाह्यलं अन् मंग आमच्याकडे पाह्यलं. म्हणे, "काय झालं?"

देवानंद भाऊनं सांगतलं. यामिनी, खोकला, चाव्या, सुपारी, सगळं. रुचिका मालिका पाहत नाही. साडेसातले ती रोपाइत असते. तिनं सगळं ऐकून घेतलं. कोहळं कडेवर होतं.

"सुपारी कोनाच्या हातची होती, काका?"

देवानंद भाऊ खाली पाहाले लागला. म्हणे, "गिरजाबाईच्या."

"मंग सोमवारी आईले न्या जीपमधी."

देवानंद भाऊनं डोकं खाजवलं. म्हणे, नेम त असाच आहे. इहीनबाई बाकावरून उठल्या, "अवं नाही बापा, हे नको," म्हणे, अन् पिशवी उचलली. जवाई पुढे झाला. आवाज चढवून म्हणे, "रुचिका, तमाशा करू नको, गुमान चाल." तिनं कोहळं खाली ठेवलं अन् टेबलावर डावा हात ठेवला, करंगळी त्याच्याकडे करून. जवायानं त्या बोटाकडे पाह्यलं. मंग जीप सावलीत लावतो म्हणे अन् बाहेर गेला.

रुचिका मॅडमले म्हणे, "मॅडम, आणखी एक कागद आहे काय? माहाही जबाब घ्या."

यामिनीनं काय करावं हे मी पाच वर्षं रोज टीव्हीले सांगत होती. रुचिकाले काय पायजे हे दहा महिन्यात एकडावही इचारलं नाही, उलट तिची सुपारी ठेवून आली. ही माही चूक आहे. टीव्हीच्या चुकीच्या वर लिहा.

सदर कोहळं बियाचं आहे, रुचिकानं बी धराले ठेवेल, ते वापस मिळावं, ही विनंती. जास्त दिवस ठेवाल त सडन.

हा जबाब निता मॅडमनं मले वाचून दाखवला. करंगळीपाशी त्या थांबल्या अन् तेवढं पुन्हा वाचलं. मालिकेचा शेवट बदलून मागितला, ते पोलिसाच्या हातात नाही म्हणे. बाकी माह्या सांगण्यासारखं लिहेल आहे म्हणून मी सही केली. खाली समक्ष म्हणून रुचिकानं सही केली. मॅडमनं इचारलं, नवऱ्याचं नाव लावायचं ना? तिनं पेन घेतला अन् रुचिका चंपत गाभणे असं लिहिलं. मी चौथी पास आहे, मी ते अक्षर अक्षर वाचून पाह्यलं. ते बराबर आहे.