वानखेडे सरांनी मले पाठ घ्यायला लावला

मास्तरांले शिकवणं म्हणजे काय असते, मले विचारा. कॉमर्सच्या शिक्षकांचं ट्रेनिंग होतं, बुढापारा मोहल्ल्यातल्या एका शाळेत. ज्याची पाळी, त्यानं बाकीच्यांले पोट्टे समजून शिकवाचं, अन् मार्क मी देणार. वानखेडे सर सगळ्यात सीनियर. त्यांचा धडा होता, साहेबानं हाताखालच्यांवर काम कसं सोपवावं.

सर उठले, खडू माझ्या हातात ठेवला अन् माझ्याच खुर्चीवर जाऊन बसले.

"सर, हे काहून?"

"डेलिगेशन, मॅडम. पाठ तुमाले सोपवला. घ्या."

सगळे हसून राहिले. मले असा राग आला! मुद्दाम इतका रद्दी पाठ घेतला, की मागच्या बाकावरच्या मास्तरीण दीदी पेंगाले लागल्या. मग म्हटलं, "सर, त्याच धड्यात पुढं काय आहे? काम सोपवता येते, जबाबदारी नाही. पाठ बिघडला, आता मार्क तुमचे कापते."

सर शांतपणे बोलले, "हव, एकदम बरोबर. जबाबदारी माझीच. म्हणून उद्या पुन्हा तुम्हीच घ्या. तुमाले सुधरवल्याशिवाय मी काही सोडत नाही."