मस्कतला आपलं माणूस

(परंडा. लीलाची भाड्याची खोली. दुपार उतरत आलेली.)

भीमाशंकर : नकाशात गाव दाव म्हणलो, तर तू मला नुसतं पाणी दावाय लागलीस.

लीला : हे बघा अप्पा, हा ठिपका. आता मोठा करते. हे बेट, ही शाळा, हा धक्का. होडी इथं लागते.

भीमाशंकर : एवढंच?

लीला : एवढंच. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येतं.

भीमाशंकर : आपलं मुरूम गाव याच्यापरीस मोठं हाय की गं. आणि चारी अंगानं समुद्र. पळायची पाळी आली तर माणसानं पळायचं कुठं?

लीला : कशापासून पळायचं?

भीमाशंकर : कशापासून बी. आग लागली, कुणी पिऊन येऊन दार वाजवलं. तू त्या मालदीवचं नाव काढल्यापास्नं मला झोप न्हाय. मस्कतच्या शाळेनं बोलावलंय की तुला. चांगली मोठी शाळा. मग ही दुसरी भानगड कशाला?

लीला : दोन्हीकडून होकार आलाय आणि दोन्हीकडं आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. म्हणून तुम्हाला बोलावलं. फोनवर आपण नुसते भांडतो.

भीमाशंकर : भांडाय न्हाय आलो. इतक्या लांब गाड्या बदलत आलो ते एकच सांगायला. मस्कतला आपलं माणूस हाय.

लीला : सोमेश.

भीमाशंकर : व्हय, शरणबसप्पाचा सोमेश. त्याची आडत आणि आपली आडत, मधी एक भिंत. उभा जन्म एकमेकाच्या तोंडाकडं बघत तूर आणि उडीद विकला आमी. त्याचं पोरगं तिकडं हाय म्हणल्यावर काही दुखलं-खुपलं तर धावून येईल. तुझ्या त्या ठिपक्यावर कोण येणार हाय?

लीला : तिथं कुणी नाही. खरं आहे.

भीमाशंकर : मग?

लीला : अप्पा, मस्कतच्या शाळेचा नियम ऐका. लग्न झालेल्या शिक्षकांना फ्लॅट. एकट्या बायकांना वसतिगृह. एका खोलीत दोघी-तिघी. संध्याकाळी फाटक बंद. बाहेर जायचं तर सुट्टीच्या दिवशी, शाळेच्या गाडीतून, सांगून.

भीमाशंकर : चांगलंच हाय की. जिम्मेदारी घेत्यात.

लीला : मी चाळिशीला आले. वर्गातल्या पोरी मला बाई म्हणतात. आणि रात्री दुसऱ्या कुणीतरी माझी हजेरी घ्यायची?

भीमाशंकर : बेटावर काय देत्यात?

लीला : एक खोली, एक चूल, एक किल्ली. एकट्या माणसाला वेगळा नियम आहे का म्हणून मी मुद्दाम विचारलं. त्या मुख्याध्यापकांना प्रश्नच कळला नाही.

भीमाशंकर : म्हंजे त्यांना काही पडलेलीच न्हाय.

लीला : तुम्हाला तसं वाटतं. मला बरं वाटलं.

भीमाशंकर : हे बघ यव्वा, मी शिकलेला न्हाय. पण इथं परंड्यात तू एकटी ऱ्हातीस ती गोष्ट येगळी. इथं हाक मारली तर चार माणसं येत्यात.

लीला : येतात. हाक न मारताही येतात. घरमालकीण धुरपदाबाई रोज विचारते, बाई, अजून किती दिवस एकटं राहायचं. शाळेत हळदीकुंकू असलं की मला खुर्च्या मांडायचं काम देतात. मागच्या खेपेला सोनारीला गेले, तर भैरवनाथाच्या दारात एक अनोळखी बाई म्हणाली, नवस बोल, होईल तुझं. कशाचा नवस, मी तिला काही सांगितलंसुद्धा नव्हतं.

भीमाशंकर : माणसं बोलत्यात. त्याला काय.

लीला : मला गणित शिकवता येतं, अप्पा. चांगलं येतं. कुठंतरी असं जावं की लोक मला आधी ते विचारतील.

भीमाशंकर : मस्कतला बी तेच विचारतील की.

लीला : तेच बघायचंय. तुमचाही मान राखायचाय मला. सोमेशची मोठी मुलगी त्याच शाळेत आहे म्हणे. त्यालाच विचारते शाळा कशी आहे, वसतिगृह कसं आहे. उमाशंकरदादाकडून नंबर घेतलाय. आज शुक्रवार, तिकडं सुट्टी असते.

भीमाशंकर : कशाला? त्याला कशाला तरास?

लीला : आत्ताच तर म्हणालात, धावून येईल.

भीमाशंकर : येईल की. पण असं एकदम... आधी मी शरणबसप्पाशी बोलतो. मग तो त्याला सांगंल.

लीला : वेळ कुठं आहे? तुमच्या कपाळाला घाम का आलाय?

भीमाशंकर : पत्रा तापलाय वरचा. लीला, ऐक. आधी मला बोलू दे त्याच्याशी.

लीला : लागला. स्पीकरवर ठेवते, तुम्हीही ऐका. हॅलो, सोमेश का? मी लीला बोलते. मुरूमच्या भीमाशंकरांची मुलगी.

सोमेश : हो, हो. नमस्कार. मी... तुमचा फोन येईल असं वाटलं नव्हतं. बरं झालं पण.

लीला : अप्पाही इथंच आहेत.

सोमेश : शरणु शरणार्थी, काका. तब्येत बरी आहे ना?

भीमाशंकर : हाय, हाय. तू कामात असशील तर मग बोलू बाबा.

सोमेश : नाही काका, घरीच आहे. स्वयंपाक चालू होता.

लीला : फार वेळ घेत नाही. तुमची मुलगी जाते त्या शाळेनं मला बोलावलंय. आज कळवायचंय. शाळा कशी आहे ते खरं खरं सांगाल का?

सोमेश : शाळा चांगली आहे. शिस्त आहे. गणिताच्या शिक्षकाला तर तिथं फार मान. वर्ग मोठे आहेत, पण मुलं ऐकणारी आहेत.

लीला : आणि वसतिगृह?

सोमेश : वसतिगृह... स्वच्छ आहे. सुरक्षित आहे. माझ्या मुलीच्या इंग्रजीच्या बाई तिथं राहायच्या. त्या म्हणायच्या, बाकी सगळं ठीक आहे, फक्त दार कधीही आपलं आपण उघडता येत नाही. पण तुम्हाला त्याची काळजी कशाला? फार तर सुरुवातीचे काही महिने.

लीला : काही महिने का? पुढं काय?

सोमेश : म्हणजे... पुढं मग आपलं ठरल्यावर...

लीला : काय ठरल्यावर?

सोमेश : काका, तुम्ही यांना सांगितलं नाही का?

लीला : अप्पा?

सोमेश : माफ करा. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. आमचे अप्पा म्हणाले, भीमाशंकरकाकांशी बोलणं झालंय, मुलगी शाळेच्या निमित्तानं येते, तिथं एकमेकांना बघा, पसंत पडलं तर दिवाळीत मुरूमला येऊन उरकून टाकू. मला वाटलं तुमच्या संमतीनं चाललंय.

लीला : मला यातलं काही माहीत नव्हतं.

सोमेश : मला लाज वाटायला लागली आता. मी घाई केली नव्हती हो. बायको वारली, त्यातून मी अजून... मी फक्त नाही म्हणालो नाही.

लीला : तुमच्या मुलींना काही सांगितलंय का?

सोमेश : मी नाही. माझ्या आईनं फोनवर सांगून टाकलं. धाकटी विचारत होती, त्या बाई रागावतात का.

लीला : नाही. मी वर्गात रागावत नाही.

सोमेश : तसं सांगतो तिला. म्हणजे, काय सांगू ते बघतो.

लीला : तिला खोटं सांगू नका. आणि माझ्यामुळं थांबून राहू नका.

सोमेश : नाही. एक सांगू का? तुम्ही यायचं तर शाळेसाठी या. माझ्यासाठी नको, आणि माझ्यामुळं टाळूही नका. मी वाटेत येणार नाही.

लीला : तुम्ही खरं बोललात, सोमेश. ठेवते.

भीमाशंकर : लीला.

लीला : थांबा जरा. पाणी पिऊ द्या.

भीमाशंकर : मी शब्द दिला न्हाय. त्यो शरणबसप्पा म्हणला, बघू या का. मी न्हाय म्हणलो न्हाय. एवढंच.

लीला : तिकडं एका लहान पोरीला वाटतंय की तिची आई यायचीये. आणि तुम्ही म्हणता, एवढंच.

भीमाशंकर : ते मला ठाऊक नव्हतं. देवाशप्पथ.

लीला : मस्कतला आपलं माणूस आहे म्हणत होतात. मला वाटत होतं, माझ्या काळजीनं म्हणताय.

भीमाशंकर : काळजीच होती. दुसरं काय असंल गं? तुझी अव्वा गेली तवा आईच्या उशाला तू होतीस. तोंडात पाणी तू घातलंस. उमाशंकर दुकानात, मी अंगणात बसलेलो. मला आत यायचा धीर झाला न्हाय. तवापास्नं एकच येतंय मनात. तुझ्या उशाला कोण असंल?

लीला : मला नाही माहीत.

भीमाशंकर : मी तवा ऱ्हाणार न्हाय.

लीला : हो. पण लग्न केलं की उशाला कुणी राहतंच, असंही नसतं अप्पा. सोमेशचं झालंच होतं की लग्न. आता तो एकटा स्वयंपाक करतोय.

भीमाशंकर : त्याचं नशीब.

लीला : माझंही नशीब धरा मग. पण त्यासाठी त्या पोरींच्या घरात मी शिरायचं, म्हणजे पुढंमागं मला कुणी पाणी द्यावं म्हणून? मला नाही जमणार. आणि मी फार धीराची आहे असंही नाही. माझे हात बघा. केव्हापासून गार पडलेत.

भीमाशंकर : अगं, बर्फ झालाय नुसता.

लीला : तुम्हाला सांगितलं नाही, पण त्या बेटावरची आधीची शिक्षिका सत्र अर्धं टाकून गेली. तीही आपल्यासारखीच, बाहेरून गेलेली. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की तिला कोंडल्यासारखं व्हायचं म्हणे. हे ऐकल्यापासून मीही नीट झोपले नाही.

भीमाशंकर : कोण म्हणलं हे?

लीला : मुख्याध्यापकांनीच सांगितलं. म्हणाले, बाई, हे ऐकून मगच ठरवा.

भीमाशंकर : त्यानं आपणहून सांगितलं?

लीला : हो.

भीमाशंकर : नोकरी देणारा माणूस खोट आधी सांगतोय म्हंजे... बरा दिसतोय. दवाखाना?

लीला : बेटावर लहान दवाखाना आहे, एक डॉक्टर. मोठं काही झालं तर होडीनं दुसऱ्या बेटावर.

भीमाशंकर : आणि होड्या बंद असल्या तर?

लीला : तर त्या डॉक्टरवर भरवसा ठेवायचा.

भीमाशंकर : अवघड हाय गं.

लीला : अवघड आहे.

भीमाशंकर : तरी बी तुझं मन तिकडंच ओढतंय.

लीला : ओढतंय. भीती वाटते तरी ओढतंय. मस्कतचा विचार केला की भीती वाटत नाही, नुसता दम कोंडतो. ह्या दोन गोष्टींतला फरक मला कुणाला समजावून सांगता येत नाही.

भीमाशंकर : मला बी समजला न्हाय. पण तू खोटं बोलत न्हाईस, एवढं कळतंय. आता काय करतीस?

लीला : लिहिते.

भीमाशंकर : कुणाला?

लीला : थांबा. चुकेल काहीतरी.

भीमाशंकर : पाठवलंस?

लीला : पाठवलं. बेटावर येते म्हणून. आणि मस्कतला, येत नाही म्हणून.

भीमाशंकर : झालं?

लीला : झालं.

भीमाशंकर : मला वाटलं, मला विचारशील शेवटचं एकदा.

लीला : विचारलं असतं तर तुम्हाला नाही म्हणावं लागलं असतं. मग जन्मभर तुम्हालाच लागून राहिलं असतं.

भीमाशंकर : दे तो माझा फोन. मला चष्म्याशिवाय दिसत न्हाय, शरणबसप्पाचं नाव काढून दे.

लीला : आजच कशाला? उद्या बोला.

भीमाशंकर : उद्या माझा धीर व्हायचा न्हाय. लाव... शरणबसप्पा? भीमाशंकर बोलतोय. लीला मस्कतला जात न्हाय... न्हाय, कुणी तिचं कान भरलं न्हाईत. तिनं ठरवलं... दुसरीकडं, समुद्रात एक गाव हाय... व्हय, एकटीच... चूक माझी हाय. तिला न विचारता मी गप बसलो. पण पोरींच्या कानावर तुमच्या घरनं गेलं. तुमीच त्यांना समजवा, आजच. लेकरं वाट बघत बसू नयेत... रागावा. रागावायचं असलं तर मला रागावा. तिला फोन करू नका.

लीला : काय म्हणाले?

भीमाशंकर : ठेवला त्यानं. आता दुकानापुढनं जाताना तोंड फिरवील थोडे दिवस. फिरवू दे.

लीला : अप्पा, शेवटची गाडी जाईल तुमची. स्टँडवर सोडते, चला.

भीमाशंकर : आज जात न्हाय मी.

लीला : म्हणजे?

भीमाशंकर : उद्या सकाळी जातो. चालंल न्हवं?

लीला : चालेल की. पण तुम्ही कधी मुक्कामाला राहिला नाहीत इथं. दरवेळी पाणी पिऊन उठायचात.

भीमाशंकर : लेकीच्या एकटीच्या बिऱ्हाडात बापानं काय ऱ्हायचं, असं वाटायचं. मूर्खपणा. अंथरूण हाय का जादा?

लीला : आहे. तुम्ही कॉटवर झोपा. मी खाली टाकते.

भीमाशंकर : खाली मी झोपतो. तुझी जागा बदलू नको. दाराला आतनं कडी लावतीस?

लीला : लावते.

भीमाशंकर : आणि खिडकी?

लीला : खिडकी उघडी असते. रात्रभर.

भीमाशंकर : भ्या वाटत न्हाय?

लीला : पहिले काही दिवस वाटायचं.

भीमाशंकर : बरं. मग ऱ्हाऊ दे आज बी उघडीच.