उर्दूतला किरायानामा

किरायाच्या घरांचं सांगून राह्यले, तर माझंबी ऐका. निजामाच्या काळात मास्तर म्हणून जालन्यात आल्तो. कचेरीबाहेरच्या मुन्शीनं खोलीचा किरायानामा उर्दूत लिहिला. मला उर्दू येत न्हाई, घरमालक शेटजींनाबी न्हाई. मी मोडीत सही केली, त्यांनी मारवाडीत.

दोन वर्सांनी पोराचं लग्न निघालं, म्हणून शेटजींनी खोली मागितली. मी काही हललो न्हाई. मंग ते मला अन् कागदाला घेऊन कचेरीत गेले.

कारकुनानं कागद दोनदा वाचला. "मालिक कौन?"

"मी," शेटजी म्हणले.

"न्हाई. मालिक ये मास्तर. आप किरायेदार."

मुन्शीनं नावं उलटी घातल्ती.

शेटजींनी कागद घडी करून खिशात घातला. घराच्या दारात आल्यावर म्हणले, "मास्तर, तुम्ही राहा."

मी म्हणलं, "तुम्हीबी राहा."