वाशिमचं संशोधन पुण्याच्या नावावर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्राचार्य जयसिंगराव मोहिते, व्यासपीठावरील मान्यवर, मानसशास्त्र विभागातील सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि आजच्या सत्कारमूर्ती डॉ. हिरा वानखेडे मॅडम,

मी चांगलं गोडधोड भाषण लिहून आणलं होतं. ते खिशातच राहू द्या. कारण सकाळी प्राचार्यांनी सांगितलं, की आपल्याला मिळणार म्हणून गाजलेलं संशोधन केंद्र वाशिमला गेलं. कोणामुळे? तर मॅडमच्या अहवालामुळे! अहो, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांना असा आहेर कोणी देतं का?

त्याचं झालं असं. केंद्र कुठे द्यायचं ते ठरवण्यासाठी, कोणत्या जिल्ह्यातून मानसशास्त्राचं किती संशोधन निघतं, हे मोजायचं काम निवड समितीने मॅडमवर सोपवलं. पुणे पहिलं येणार, यात शंका कोणाला होती? हिंजवडीची बस चुकली, तरी तिथल्या इंजिनियरच्या ताणावर आपण शोधनिबंध लिहितो! वाशिमच्या नावावर मात्र काहीच नाही. आम्ही पेढे सांगून मोकळे.

मॅडमनी पुन्हा मोजलं. मोजताना सगळे निबंधावर छापलेला कॉलेजचा पत्ता धरतात. मॅडमनी प्रत्यक्ष काम कुठे झालं, ते पाहिलं. आपल्या विभागाचे निम्मे निबंध विदर्भातल्या, त्यातही वाशिमच्या मुलांनी सुट्टीत घरी जाऊन, तिथल्याच माणसांवर केलेले निघाले!

मघाशी मी चिडून विचारलं, “मॅडम, आपल्याच विभागाचं नुकसान?”

त्या शांतपणे म्हणाल्या, “साठे सर, तिथे काम होत नाही म्हणून केंद्र देत नाहीत. केंद्र नाही म्हणून पोरं इथे येतात. आणि त्यांचं काम आपण आपलं म्हणून मोजतो.”

शेजारी आपली विद्यार्थिनी अक्षता उभी होती. मुलं पुण्याला गेलेल्या आयांचा एकटेपणा, हा तिचा विषय. त्या निबंधाला आपण बक्षीसही दिलं. ती म्हणाली, “सर, पहिली मुलाखत माझ्या आईचीच होती. निबंध पाहून आई म्हणाली, ‘त्यात आपल्या वाशिमचं नाव कुठी हाय वं?’”

खरं सांगतो, केंद्र गेल्यापेक्षा तो धक्का मोठा होता.

मॅडम, आपण उद्या वाशिमलाच शिकवायला निघालात, हेही आजच कळलं. आपले आभार मानायला मला नीट शब्द सापडत नाहीत. सभागृहाने इतकं ऐकून घेतलं, ऋणी आहे. बोलण्यात राग दिसला असेल, तर तो खराच होता. तेवढा पोटात घाला.

आणि अक्षता, आईला आत्ता फोन लाव. सांग, नाव आलं.