पाटकरकाकांचे पांढरेशुभ्र दात

दातांवरून माणसाची लायकी ठरवणारा एक महाभाग मी कुवेतला पाहिला. पाटकरकाका, बाबांचे मित्र, तिथल्या शुवैख भागातल्या टाइल्सच्या दुकानाचे मॅनेजर. मी तेव्हा डेंटिस्ट होऊन नुकतीच तिकडे आईबाबांकडे परतले होते. त्यांच्याकडे कोकणातला दत्ताराम भर उन्हात पेट्या उचलायचा. अरबी फाडफाड बोलायचा, म्हणून एकदा मी दुकानात असताना त्याने आतलं काउंटरचं काम मागितलं.

"काउंटर? दात बघितलेस आरशात? तंबाखूने पार काळे केलेत!" काका सगळ्यांसमोर म्हणाले.

मी जवळ जाऊन पाहिलं. करड्या पट्ट्या दातांच्या आतच होत्या. "लहानपणी तापाची औषधं फार घेतलीत का?"

"होय डॉक्टरबाई. आई सांगता, सारखी चालूच होती."

"काका, हे त्या अँटिबायोटिक औषधांचे डाग आहेत, तंबाखूचे नव्हेत. शिक्षा कसली देताय?"

"असतील. पण गिऱ्हाईक आधी दात बघतं," म्हणत काकांनी खिशातून तंबाखूच्या मशेरीची डबी काढली. मग पांढरीशुभ्र कवळी काढून टेबलावर ठेवली आणि बोटाने निवांत हिरड्या घासू लागले.

दत्तारामला काउंटर मिळालं नाही. पेटी खांद्यावर घेत तो कवळीकडे बघून म्हणाला, "डाग आसत, पण दात तरी माजेच आसत."